उमेदवारीची दोन वर्षे

(वाणिज्य शाखेचे शिक्षक, सहकारी संस्थांचे पदाधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘उमेदवारी’ हा शब्द उच्चारताच येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांच्या डोळ्यांसमोर नामनिर्देशनपत्र, छाननी आणि माघारीची शेवटची तारीख उभी राहणे स्वाभाविक आहे. तथापि या शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता. कचेरीत पुढेमागे कारकुनाची जागा मिळेल या आशेवर जो तरुण वरिष्ठांच्या हाताखाली बिनपगारी राबत असे, दप्तरे बांधीत असे, नकला उतरवून काढीत असे आणि हे सर्व करता करता काम शिकत असे, त्याला उमेदवार म्हणत. उमेद हेच त्याचे वेतन. सरकारी कचेऱ्यांतून ती पद्धत केव्हाच नाहीशी झाली. परंतु एका व्यवसायात ती आजही चालू आहे, आणि तीही कायद्याच्या आधाराने. तो व्यवसाय म्हणजे सनदी लेखापालाचा, अर्थात चार्टर्ड अकाउंटंटचा. कितीही हुशार विद्यार्थी असला, सर्व परीक्षांत तो पहिला आला, तरी अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून त्याला या व्यवसायात प्रवेश नाही.

या उमेदवारीला व्यवहारात ‘आर्टिकलशिप’ म्हणतात. आर्टिकल्स म्हणजे करारपत्रातील कलमे. सनदी या विशेषणाचा उगम स्कॉटलंडमधील आहे. १८५४ साली एडिंबरो येथील लेखापालांच्या संस्थेला राजसनद मिळाली आणि तेथून हे नाव रूढ झाले. त्या काळी तिकडे मुलाला हा व्यवसाय शिकवायचा म्हणजे वडिलांनी प्रमुखाशी करार करावयाचा आणि शिकविण्याबद्दल प्रमुखाला एक ठोक रक्कमही मोजावयाची, असा रिवाज होता. साहजिकच हा व्यवसाय संपन्न घरांपुरता राहिला. आज भारतात पैशाची दिशा उलट आहे. उमेदवाराने प्रमुखाला काही द्यावयाचे नसून प्रमुखाने उमेदवाराला विद्यावेतन द्यावयाचे असते. ते थोडे असते ही तक्रार खरी आहे, आणि तिचा विचार पुढे येईलच. पण हा बदल लहान नव्हे.

मुंबईचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १९१३ साली येथे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९१८ साली मुंबईत शासकीय लेखा पदविका सुरू झाली. ती मिळविण्यासाठी परीक्षेबरोबरच मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली ३ वर्षांची उमेदवारी आवश्यक होती. म्हणजे हिशेबाचे शास्त्र वर्गात शिकता येते, पण हिशेब तपासण्याची दृष्टी वर्गात येत नाही, ही गोष्ट या देशात १०० वर्षांपूर्वीच मान्य झाली होती. पुढे १९४९ चा सनदी लेखापाल अधिनियम आला आणि त्या वर्षीच्या १ जुलै रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय नवी दिल्ली येथे असून सभासदसंख्या आज ४ लाखांहून अधिक आहे.

तीन वर्षांची दोन वर्षे

नियमांचा तपशील शिक्षकांना ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेच्या मार्गाने, किंवा पदवीनंतर, वाणिज्य शाखेत ५५ टक्के आणि अन्य शाखांत ६० टक्के गुण असल्यास, थेट इंटरमीजिएट परीक्षेसाठी नाव नोंदविता येते. १ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर आणि संगणक व व्यवसायपरिचय यांचे अल्पकालीन वर्ग पुरे केल्यावर उमेदवारी सुरू होते, आणि ती पूर्वीप्रमाणे ३ वर्षांची नसून २ वर्षांची असते. आठवड्याला किमान ३५ तास काम आणि वर्षाकाठी १२ दिवसांची रजा, असे तिचे स्वरूप आहे.

मुदत घटली हे विद्यार्थ्याच्या सोयीचे झाले यात शंका नाही. मात्र त्याची किंमत समजून घेतली पाहिजे. लेखापरीक्षेचे काम शेतीसारखे वर्षाच्या चक्राने चालते. ३१ मार्चला मालाची मोजदाद, उन्हाळ्यात हिशेबांची जुळवणी, त्यानंतर संस्थांचे आणि कंपन्यांचे अहवाल, पावसाळा सरता सरता कर-लेखापरीक्षेची धांदल. जुन्या पद्धतीत उमेदवार हे चक्र तीन वेळा पाहत असे. पहिल्या वर्षी तो सांगितलेले काम न समजता करी, दुसऱ्या वर्षी ते का करावयाचे हे त्याच्या ध्यानात येई, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्यावर एखादे काम सोपवून प्रमुख निर्धास्त राही. आता चक्र दोनदाच फिरते. वजा झाले ते तिसरे, स्वतंत्र जबाबदारीचे वर्ष. म्हणून पहिल्या वर्षी न समजता काम करीत राहण्याची चैन आजच्या उमेदवाराला परवडणारी नाही. पहिल्या आठवड्यापासूनच ‘हे कशासाठी’ असे त्याने विचारले पाहिजे आणि प्रमुखानेही ते विचारू दिले पाहिजे.

याच ठिकाणी एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. काही विद्यार्थी करारपत्रावर सही करतात, नोंदणी करतात आणि त्यानंतर कार्यालयाचे तोंड क्वचितच पाहतात. दिवस शिकवणीवर्गात आणि अभ्यासिकेत जातो. कार्यालयाच्या हजेरीपटावर मात्र उपस्थिती लागलेली असते. विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेसाठी वेळ मिळतो, प्रमुखाचे विद्यावेतन वाचते, आणि पालकांनाही मुलगा अभ्यास करतो आहे याचे समाधान असते. अशी कागदोपत्री उमेदवारी हे गैरवर्तन आहे आणि संस्था त्याबद्दल प्रमुख व उमेदवार या दोघांवरही कारवाई करू शकते. पण कारवाईचे भय बाजूला ठेवले तरी मूळ विसंगती जात नाही. सनदी लेखापालाचा संपूर्ण व्यवसाय एका सहीवर उभा आहे. कागदावर लिहिलेले प्रत्यक्षाशी जुळते, असे तो दुसऱ्यांच्या वतीने सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर बँक कर्ज देते, भागधारक पैसे गुंतवितात, ठेवीदार ठेव ठेवतात. अशा माणसाची या व्यवसायातील पहिली सहीच, हजेरीपटावरची सही, प्रत्यक्षाशी न जुळणारी असावी? जे विद्यार्थी हा मार्ग धरतात ते सर्वच वाईट प्रवृत्तीचे असतात असे मुळीच नाही. अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते की या दोन वर्षांत शिकण्यासारखे काही आहे. ते सांगण्याचे काम शिक्षकांचे आहे.

शिकण्यासारखे काय आहे

समजा, बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातील एक मुलगी सोलापूरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कार्यालयात रुजू झाली. तिला पहिले काम मिळेल ते प्रमाणके तपासण्याचे, ज्याला कार्यालयात ‘व्हाउचिंग’ म्हणतात. पुढ्यात खोक्यांतून आणलेली बिले आणि पावत्या, समोर संगणकावर खतावणी. बिलावरची रक्कम, तारीख आणि नाव खतावणीशी जुळले की खूण करावयाची आणि पुढचा कागद घ्यावयाचा. दिवसाला काहीशे कागद. आठवड्याने तिला वाटू लागेल की हे काम यंत्रही करील. आणि रक्कम जुळविण्यापुरते ते खरेही आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यानंतर खरेदीची बिले आणि विक्रेत्याने भरलेली विवरणे यांची जुळणी बव्हंशी संगणकच करू लागला आहे.

परंतु तोच कागद नीट पाहिला तर निराळे दिसते. वाहतुकीचे बिल आहे, पण त्यावर गाडीचा क्रमांक नाही. एकाच पुरवठादाराची सहा महिन्यांची बिले आहेत आणि त्यांचे क्रमांक ४१, ४२, ४३ असे ओळीने लागलेले आहेत. म्हणजे या पुरवठादाराला जगात दुसरे गिऱ्हाईकच नाही. रंगकामाचे बिल ऐन पावसाळ्यातले आहे. मजुरीच्या पावतीवर बारा जणांचे अंगठे आहेत आणि ते सारे एकाच अंगठ्याचे दिसतात. यांपैकी प्रत्येक गोष्टीला सरळ स्पष्टीकरण असू शकते. पुरवठादार खरोखरच एकाच कारखान्यासाठी काम करीत असेल. पावसाळ्यात आतल्या खोल्या रंगविल्या असतील. म्हणून आरोप करावयाचा नसतो. विचारावयाचे असते, आणि मिळालेले उत्तर आणखी एका कागदाशी ताडून पाहावयाचे असते. ही सवय ज्या दिवशी लागली त्या दिवशी उमेदवारी खऱ्या अर्थाने सुरू झाली.

वर्षअखेरीस तिला मालाच्या मोजदादीसाठी पाठविले जाईल. महाराष्ट्रात हे काम बऱ्याचदा साखर कारखान्याच्या गोदामात असते. ५० किलोंच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत रचलेल्या असतात. लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती, यांचा गुणाकार केला की पोत्यांचा आकडा मिळतो आणि तो साठा नोंदवहीशी जुळतो. सोपे आहे. परंतु थप्पी आतून भरीव आहे हे गुणाकार गृहीत धरतो. बाहेरच्या रांगा उभ्या आणि मधली जागा मोकळी असली तरी गुणाकाराला ते कळणार नाही. म्हणून अनुभवी लेखापरीक्षक थप्पीवर चढतो, वरून पाहतो आणि मधूनमधून काही पोती हलवायला लावतो. ही साखर बहुधा बँकेकडे तारण असते आणि तिच्यावर उचललेल्या कर्जातून उसाचे बिल दिलेले असते. त्यामुळे थप्पीच्या पोटात काय आहे हा प्रश्न शेवटी ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. थप्पीवर चढलेल्या मुलीचे कपडे मळतात, तिला पाहून हमाल हसतात. हरकत नाही.

माल प्रत्यक्ष पाहण्याचा हा नियम कसा आला याची हकिकत उद्बोधक आहे. अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीचा घोटाळा १९३८ साली उघडकीस आला. सुमारे ८.७ कोटी डॉलर मालमत्तेपैकी जवळजवळ १.९ कोटी डॉलरची मालमत्ता काल्पनिक होती. कॅनडातील गोदामांत कच्च्या औषधांचा साठा असल्याचे कागद होते, बिले होती, पत्रे होती; नव्हती ती औषधे. लेखापरीक्षकांनी कागद तपासले होते आणि ते एकमेकांशी जुळतही होते. गोदामापर्यंत कोणी गेले नव्हते, कारण तसा प्रघातच नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तेथील व्यवसायाने माल समक्ष पाहणे आणि येणे रकमांची ऋणकोंकडून थेट खात्री करून घेणे हे लेखापरीक्षेचे नित्याचे भाग ठरविले.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेतील शिल्लक ही ताळेबंदातील तपासायला सर्वांत सोपी बाब. बँकेला पत्र लिहावयाचे आणि बँकेचे उत्तर थेट लेखापरीक्षकाच्या पत्त्यावर यावयाचे, एवढेच. पण ‘थेट’ या शब्दात सगळे आले. ते उत्तर कंपनीच्या हातून आले तर ते बँकेचे उत्तर राहत नाही; बँकेच्या नावाचा एक कागद एवढेच त्याचे मोल. अमेरिकेतील लेखापरीक्षा नियामक मंडळाने २०११ साली दिलेल्या आदेशात, ही पुष्टिपत्रे मागविण्याची प्रक्रिया लेखापरीक्षकांनी आपल्या ताब्यात ठेवली नव्हती, यावर बोट ठेवले.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. मोठ्या कंपनीच्या लेखापरीक्षेतही बँकेची पत्रे लिहिणे, टपालात टाकणे, उत्तरांची यादी करणे आणि न आलेल्या उत्तरांसाठी स्मरणपत्र पाठविणे ही कामे बहुतेक वेळा कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ माणसाकडे, म्हणजे उमेदवाराकडेच असतात. ‘इकडे द्या, बँकेत आमचा माणूस जातोच आहे, तो आणून देईल,’ असे कंपनीचा एखादा मनमिळाऊ कर्मचारी चहा पाजता पाजता सुचवितो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला नाही म्हणणे अवघड जाते. ज्या कामाला तो टपालाचे काम समजतो ते लेखापरीक्षेच्या गाभ्याचे काम आहे, हे त्याला आधी कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

गावची पतसंस्था

मोठ्या शहरातील मोठे कार्यालय हेच उमेदवारीचे उत्तम ठिकाण, असा एक समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. मोठ्या कार्यालयात काम शिस्तीचे असते, प्रशिक्षण चांगले असते आणि पुढे नोकरीच्या वेळी नावाचा उपयोग होतो. परंतु तेथे एखादा उमेदवार तीन महिने एकाच कंपनीच्या स्थावर मालमत्तेची यादीच तपासत बसलेला असू शकतो. लहान कार्यालयात कामाची विविधता असते. किराणा दुकानदाराचे विवरणपत्र, शाळेच्या न्यासाचा ताळेबंद, दूध संस्थेची तपासणी, सारे एकाच आठवड्यात. उणीव अशी की तेथे एखादेच काम इतके साचते की दोन वर्षे कराची विवरणे भरण्यातच निघून जातात. मध्यम आकाराचे, निदान दोन-तीन भागीदारांचे कार्यालय सामान्यतः बरे. अंतिम टप्प्यात ९ ते १२ महिने एखाद्या उद्योगात प्रशिक्षण घेण्याची सोयही योजनेत आहे. मोठ्या कारखान्याचे अंतरंग पाहण्याची ज्याला इच्छा आहे त्याने तिचा विचार करावा.

विद्यावेतनाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते: २० लाख व त्याहून अधिक, ४ ते २० लाख, आणि ४ लाखांहून कमी, असे तीन वर्ग आहेत. पुण्या-मुंबईचा दर अधिक आहे हे खरे; पण तेथील खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च त्या किमान रकमेत भागेल अशी अपेक्षा कोणी करू नये. शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातील मुलाला दोन वर्षे घरून पैसे मागवावे लागतात, आणि अनेक हुशार मुले येथेच माघार घेतात. अशा मुलांसाठी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी उमेदवारी करणे हा दुय्यम दर्जाचा पर्याय मानण्याचे कारण नाही. तेथे शिकण्यासारखे किती आहे हे एका पतसंस्थेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये प्रत्येक सहकारी संस्थेच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी होणे बंधनकारक आहे. २०१३ च्या सुधारणेनंतर शासनमान्य नामिकेतील लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मिळाला, आणि सनदी लेखापालांची कार्यालये या कामात मोठ्या प्रमाणावर आली. उमेदवार पतसंस्थेत जातो तेव्हा त्याने प्रथम काय पाहावे? रोकडवहीतील हाती शिल्लक. लहान गावच्या पतसंस्थेत दररोज संध्याकाळी काही लाखांची रोकड हाती दिसत असेल आणि जवळच बँकेची शाखा असेल, तर ती रोकड बँकेत का जात नाही हा प्रश्न पडला पाहिजे. कदाचित ती तिजोरीत असेल. ती मोजावयाची. नोटा मूल्यानुसार लावून, मोजणी संपेपर्यंत तिजोरीसमोरून न हलता मोजावयाची, आणि व्यवस्थापकाची व रोखपालाची सही त्याच कागदावर घ्यावयाची.

त्यानंतर ठेवी. संस्थेच्या खतावणीत ठेवीदाराची जी शिल्लक दिसते ती आणि त्याच्या घरातील पासबुकात दिसते ती, या दोन्ही सारख्याच असतील असे धरून चालता येत नाही. दैनिक ठेव गोळा करणारा प्रतिनिधी दुकानदाराच्या पुस्तिकेत शंभराची नोंद करतो आणि संस्थेत भरणा पन्नासाचा होतो, असे घडू शकते. संस्थेच्या कार्यालयात बसून कितीही कागद तपासले तरी हे कळणार नाही, कारण तेथील कागद आपसांत जुळतातच. काही ठेवीदारांची पासबुके मागवून, शक्य तर त्यांच्या दुकानी जाऊन, ती खतावणीशी ताडावी लागतात. मुदत ठेवीच्या पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग आहेत काय, कोरी पुस्तके कोणाच्या ताब्यात आहेत, एखादे पुस्तक नोंदीतून निसटले आहे काय, हेही पाहावे लागते. मॅकेसनची गोदामे, सत्यमच्या ठेवी आणि ही पासबुके, तपासण्याची रीत तिन्ही ठिकाणी एकच: ज्याच्याबद्दल कागद बोलतो त्याच्यापर्यंत जावयाचे. या पासबुकांत मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे असतात, एवढा एक फरक.

टिपणे आणि तोंड

उमेदवारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कामाची टिपणे. तपासले काय, कशावरून, किती नमुने घेतले, शंका कोणती आली, कोणी काय उत्तर दिले आणि त्यावरून निष्कर्ष काय निघाला, हे सर्व लिहून ठेवावयाचे असते. लेखापरीक्षेच्या मानकांची अपेक्षा अशी आहे की, ज्या अनुभवी लेखापरीक्षकाचा या कामाशी कधीही संबंध आलेला नाही, त्याने केवळ टिपणे वाचली तरी काय केले आणि का केले हे त्याला समजावे. ही टिपणे अहवालाच्या तारखेपासून किमान ७ वर्षे जपून ठेवावी लागतात. २०१८ साली राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले; सूचिबद्ध आणि काही मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षेची चौकशी हे प्राधिकरण करते तेव्हा पहिली मागणी टिपणांची असते. तपासले पण लिहिले नाही, हा बचाव तेथे फारसा टिकत नाही.

चांगले टिपण लिहिणे हे भाषेचे काम आहे, आणि वाणिज्य शाखेत भाषेकडे जितके कमी लक्ष दिले जाते तितके क्वचितच अन्यत्र दिले जात असेल. ‘तपासले, बरोबर आहे’ हे टिपण नव्हे. ‘एप्रिल ते जूनमधील २५ हजारांवरील सर्व ३२ बिले पाहिली, दोन बिलांवर माल मिळाल्याची सही नाही, भांडारपालाकडे विचारणा केली, त्याने आवकवही दाखविली, माल आल्याची नोंद आहे’ हे टिपण. जो विद्यार्थी रोज संध्याकाळी अशी पाच ओळींची नोंद स्वतःच्या वहीत करील त्याला अंतिम परीक्षेत लेखापरीक्षेचा विषय वेगळा पाठ करावा लागणार नाही. मात्र त्या खासगी वहीत अशिलाचे नाव किंवा आकडे नसावेत. शिकलेली गोष्ट तेवढी असावी.

कारण जे कळते ते बाहेर न बोलणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. उमेदवाराला कोणत्या दुकानदाराचे कर्ज थकले, कोणत्या कारखान्याला तोटा झाला, कोणाचा पगार किती, हे सारे दिसते. शहरात ते मित्रांत बोलले जाते. तालुक्याच्या गावात एस. टी.च्या बाकावर बोलले जाते आणि संध्याकाळपर्यंत ज्याचे त्याला पोहोचते. आदरातिथ्याचेही तसेच. चहाला नाही म्हणण्याची आवश्यकता नाही. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या खोक्याबाबत मात्र आपल्या प्रमुखाला विचारावे.

संगणकामुळे कामाचे स्वरूप बदलले असले तरी त्याने उमेदवाराचे महत्त्व घटविलेले नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. पूर्वी खाडाखोड डोळ्यांना दिसे. संगणकात ती दिसेनाशी झाली होती, आता पुन्हा पाहता येते. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली, वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने कोणत्या नोंदी घातल्या, हे उमेदवाराने जरूर उघडून पाहावे. वरिष्ठांपेक्षा या गोष्टीत तोच अधिक तरबेज असतो, आणि प्रमुखाने हे मान्य करण्यात कमीपणा मानू नये.

उमेदवारीचा विषय निघाला की आर. शिवभोगम यांची आठवण होणे योग्य आहे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना कारावास घडला होता. सुटकेनंतर त्यांनी मद्रासला सी. एस. शास्त्री यांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्या काळी एखाद्या स्त्रीने हिशेब तपासण्यासाठी पेढीत जाणे हीच नवलाई होती. १९३३ साली त्या उत्तीर्ण झाल्या आणि भारतातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. तुरुंगवास भोगलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियम आडवा आला, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि आपला हक्क मिळविला. पुढे १९५५ ते १९५८ या काळात संस्थेच्या दक्षिण भारत विभागीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. आज या अभ्यासक्रमात मुली मोठ्या संख्येने आहेत. तरीही बाहेरगावच्या कामासाठी मुलींना पाठवावे की नाही, असा प्रश्न काही कार्यालयांत अजून विचारला जातो. मुक्कामाची आणि प्रवासाची नीट व्यवस्था करणे हे त्याचे उत्तर आहे; तिला कार्यालयात बसवून ठेवणे हे नाही, कारण गोदाम न पाहता तिची दोन वर्षे सरली तर नुकसान तिचेच आहे.

शेवटी येथे बसलेल्या संस्थाचालकांकरिता आणि पंचायत सदस्यांकरिता थोडेसे. ग्रामपंचायतीचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो, त्यामुळे तेथे आर्टिकलशिपचे उमेदवार सहसा येत नाहीत. परंतु आपल्यापैकी अनेक जण पतसंस्था, विकास सोसायटी, दूध संस्था, शिक्षणसंस्था यांच्या संचालक मंडळावर असतात. तेथे एप्रिलपासून पुढे, नातवाच्या वयाचा एक मुलगा किंवा मुलगी पाठीला पिशवी अडकवून येईल आणि पावतीपुस्तके मागेल. त्यांचे प्रश्न काही वेळा बाळबोध असतील, एखादे वेळी उद्धटही वाटतील. ‘साहेब आले की त्यांच्याशीच बोलू’ असे म्हणून त्यांना वाटेला लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, आणि ज्या संस्थेत कागद मागितलेला आवडत नाही तेथील ठेवीदारांनीच खरे तर अस्वस्थ व्हावयास हवे. त्यांना उजेडाची एक जागा आणि टेबल द्यावे, मागील वर्षाचा दोषदुरुस्ती अहवाल आधीच काढून ठेवावा, काही ठेवीदारांची पासबुके मागवून ठेवावीत, मात्र कोणती मागवावयाची ते त्यांनाच निवडू द्यावे. आणि तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना त्या दिवशी गावी राहावयास सांगावे.